बिल्ला दिला, कान दिला का?



शाळा सुरू होऊन महिना उलटला. रेवदंड्याच्या आसपास काय आणि इतरत्र काय, पुष्कळ माध्यमिक शाळांत या दिवसांत विद्यार्थी मंत्रिमंडळ नेमले जाते. कुणी मुख्यमंत्री होतो, कुणी शिस्तमंत्री, कुणी स्वच्छतामंत्री. शपथ होते, छातीवर बिल्ला लागतो, टाळ्या वाजतात. आपल्या धर्मग्रामातील ज्या मुलांना हा मान मिळाला असेल, त्यांचे मनापासून अभिनंदन. परंतु या निमित्ताने आपण मोठ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा असे आम्हांला वाटते. मुलांना नेतृत्व देतो म्हणजे आपण नेमके काय देतो?

हा प्रश्न आम्हांला आमच्याच एका चुकीने शिकवला. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी आमच्याकडे शाळेची जबाबदारी होती. शपथविधीला आम्ही नेतृत्वावर चांगले अर्धा तास बोललो. आठवडाभरात नववीतील स्वच्छतामंत्री मुलगी ऑफिसात आली. म्हणाली, ‘फादर, मुलींच्या शौचालयाच्या दाराला कडी नाही. म्हणून पुष्कळ मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.’ समोर कागदांचा ढीग होता. ‘बाळ, ते आम्ही बघू. तू रांगा नीट लाव,’ असे सांगून आम्ही तिला परत पाठविले आणि विसरलो. दिवाळीनंतरच्या पालकसभेत एका आईने तीच गोष्ट मांडली. दुसऱ्याच दिवशी सुतार आला. मधले चार महिने मुलींनी तहान सोसली. ती मुलगी मात्र पुन्हा कधी काही सांगायला आली नाही.

तिला बिल्ला दिला होता तो आमचा हुकूम मुलांपर्यंत पोचविण्यासाठी. मुलांचे दुखणे आमच्यापर्यंत आणण्याचे खरे पुढारीपण तिने स्वतःहून केले, तेव्हा ते आम्हांला बिनकामाचे वाटले.

यावर काही पालक म्हणतील, ‘फादर, मुलांचे ऐकू लागलो तर ती शेफारतील. शिक्षकांचा धाक उरणार नाही.’ ही भीती अगदीच खोटी नाही. शंभर मुलांनी परीक्षा नको म्हटले म्हणून परीक्षा रद्द करता येत नाही. परंतु ऐकून घेणे वेगळे आणि म्हणेल तसे करणे वेगळे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिले. मठात महत्त्वाचा विषय निघाला की मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, असे त्यांत सांगितले आहे. कारण हिताची गोष्ट परमेश्वर पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला सुचवतो. निर्णय मात्र मठाधिपतीनेच घ्यायचा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही हाच विचार आहे. मुलाला आपल्यासंबंधीच्या बाबतीत मत मांडू द्यावे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असे तो सांगतो. परमपीठाने १९९० साली आणि भारताने १९९२ साली तो स्वीकारला.

ऐकून घेणे सोपे मात्र नाही. बाळ शमुवेलाची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो. रात्री हाक आली आणि तो तीनदा एलीकडे धावला. बहुधा तिथेच आपण थांबतो. पुढचा भाग जड आहे. त्या मुलाला मिळालेला निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता आणि तो सांगायला मुलगा घाबरत होता. सकाळी वृद्ध एलीनेच त्याला बोलावले, काही लपवू नकोस म्हणून बजावले, आणि जे ऐकले ते परमेश्वराची इच्छा म्हणून स्वीकारले. शमुवेल बोलला, कारण एलीने विचारले.

आपल्या महाराष्ट्रातही असे विचारणारे गुरुजन होऊन गेले. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी शिकत होती. वय सुमारे चौदा. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ज्यांना धर्मग्रंथाला शिवूही देत नाहीत, त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने थेट देवालाच केला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे हाल मांडले. आपल्या लोकांनी शिकावे, असे कळकळीने सांगितले. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने तो निबंध दोन अंकांत छापला. ‘असले प्रश्न विचारू नयेत’ म्हणून शिक्षकांनी तिची वही मिटवली असती, किंवा ‘पोरीचे काय छापायचे’ असे संपादकांनी म्हटले असते, तर आज तिचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट. बिल्ला बहुधा चुरचुरीत बोलणाऱ्या मुलाला मिळतो. खाडीपलीकडे कोर्लईत आपल्या माणसांच्या घरी पोर्तुगीज वळणाची जुनी बोली बोलतात. १७४० मध्ये पोर्तुगीजांची इथली सत्ता गेली, बोली राहिली. घरी ती बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प बसले, तर त्याला सांगण्यासारखे काही नाही असे समजू नये. कोळीवाड्यातल्या आणि आदिवासी वाडीतल्या मुलांचेही तसेच आहे. अशा मुलांना मुद्दाम जवळ बोलावून विचारावे लागते.

या आठवड्यात आपण एवढेच करू. रात्री जेवताना आपल्या मुलाला विचारू, ‘शाळेत कोणती गोष्ट बदलायला हवी असे तुला वाटते?’ उत्तर पुरते ऐकू, लगेच उपदेश नको. शिक्षक असलेल्या आपल्या बंधू-भगिनींनी हाच प्रश्न वर्गात शेवटच्या बाकावर विचारावा. जमण्यासारखे असेल ते करावे. नाही म्हणायचे झाले तर कारण सांगून म्हणावे, म्हणजे मूल पुन्हा बोलायला येईल.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिची क्षमा मागायची आमच्याकडून राहून गेली. तोवर दुसऱ्या कुणा मुलाला तसेच परत पाठवू नये, एवढे तरी आमच्या हातात आहे. एलीसारखे विचारण्याचे आणि ऐकून घेण्याचे धैर्य प्रभू आपल्या सर्वांना देवो.

आपला धर्मगुरू