पवनेकाठी मुक्कामाला जाताना

भोसरी एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी. पाण्याकाठी शांत मुक्काम करायचा असेल, तर याहून चांगला दिवस नाही. बुधवारी पाळी संपवून पवना धरणावर पोचलात, की शनिवार-रविवारची गर्दी नसते. समोर पाणी, भोवती तुंग, तिकोना आणि लोहगड हे किल्ले.

बुकिंग करताना आपण विचारतो, खोलीतून पाणी दिसतं का? आणखी दोन गोष्टी विचारा. रात्री स्पीकर लावता का? आणि सांडपाणी कुठे सोडता? हा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. १९७२ साली पूर्ण झालेल्या या धरणाचं पाणी नदीपात्रातून रावेतला येतं, तिथून उचलून निगडीला शुद्ध केलं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोचतं. ज्या पाण्याच्या काठावर आपण पाय सोडून बसणार, तेच आपल्या शहराचं पाणी.

या धरणासाठी मावळातल्या कितीतरी कुटुंबांच्या जमिनी गेल्या. ९ ऑगस्ट २०११ रोजी हेच पाणी शहरात नेणाऱ्या नियोजित बंद जलवाहिनीला विरोध करताना पोलीस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. या गावांचं आपण देणं लागतो, म्हणून जेवण गावातल्याच एखाद्या घरी सांगा. इंद्रायणीचा भात, पिठलं, भाकरी. वाढणाऱ्या मावशींना विचारा, त्यांचं जुनं शेत कुठे होतं. त्या हात करून दाखवतील. ते ऐकायला वेळ हाताशी ठेवा. परतीची घाई नको.