आजारी भगिनीचे दुःख आणि आपला ‘सब्र’

दिव्य कुरआनच्या सूरह मरयममधील एका प्रसंगाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. प्रसूतीच्या वेदनांनी व्याकूळ झालेल्या ह. मरयम (अलै.) खजुराच्या झाडाच्या आधाराला आल्या आणि याआधीच आपण मेलो असतो तर बरे झाले असते, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. शरीराची वेदना होतीच. लोक काय म्हणतील, हे ओझे त्याहून जड होते. अल्लाहने ज्यांना जगातील स्त्रियांमधून निवडले, त्यांचे हे शब्द आहेत. यावर त्यांच्या ईमानबद्दल शंका घेतली गेली नाही. दुःखी होऊ नकोस, असा दिलासा आला. पायाशी पाण्याचा झरा आला, ताजी खजूर आली, खा-पी आणि डोळे थंड कर असे सांगण्यात आले. शिवाय त्या दिवशी लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यातून त्यांची सुटका करण्यात आली.

बंधू-भगिनींनो, स्तनाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या आपल्या भगिनींकडे या आयतींच्या प्रकाशात पाहण्याची गरज आहे. २०२२ या एका वर्षात भारतात या आजाराच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची नोंद झाली. आपला वऱ्हाडही यातून सुटलेला नाही. कोणी अकोल्यातच उपचार घेते, कोणी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात जाते, तर कोणी फायलींची पिशवी घेऊन अमरावती-अकोल्याहून रात्रीच्या गाडीने परळचे टाटा रुग्णालय गाठते.

शस्त्रक्रिया, केमोथेरपी, शेक या सर्वांसाठी घरचे लोक दागिने मोडतात, शेत गहाण टाकतात. परंतु तिच्या मनाचे काय झाले, हे कोण विचारतो? या आजारातील जीवनमान मोजण्यासाठी डॉक्टर मंडळी जगभर २३ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. केस गेल्याचे दुःख, आरशात स्वतःकडे पाहण्याचा संकोच, स्त्रीत्व उणावल्याची भावना, पुढे काय होणार ही धास्ती, असे विषय तिच्यात आहेत. आपल्या घरांत हे विषय निघतच नाहीत. ती रडू लागली की आपण ‘सब्र कर’ म्हणतो आणि उठून जातो. पुत्राच्या विरहात ह. याकूब (अलै.) यांचे डोळे रडून पांढरे झाले होते, आणि त्यांच्याच सब्रला कुरआनमध्ये सुंदर सब्र म्हटले आहे. मग अश्रू आणि सब्र एकमेकांचे शत्रू कसे?

काही बोलणी तर फारच क्रूर असतात. ‘कोणत्या गुन्ह्याची शिक्षा मिळाली कोण जाणे’, ‘आता हिच्या मुलींना रिश्ते कसे येणार?’ हा आजार स्पर्शाने पसरत नाही. आनुवंशिक दोषामुळे तो होण्याचे प्रमाण शंभरात साधारण पाच ते दहा इतकेच आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. त्यात लाजेची भर पडते आणि महिने निघून जातात. हया हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही. तरीही उपचाराच्या गरजेपुरते डॉक्टरांना दाखविण्याची परवानगी फिकहच्या विद्वानांनी स्पष्टपणे दिलेली आहे.

पतींनी ह. उस्मान (रजि.) यांचे उदाहरण समोर ठेवावे. हिजरी सन २ मध्ये बद्रची लढाई झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी ह. रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना शुश्रूषेसाठी मदीनेतच थांबविले आणि बद्रमध्ये सहभागी होणाऱ्याइतका मोबदला व वाटा त्यांना दिला. ह. रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत; म्हणून तो मोबदला कमी झाला नाही. आजारी पत्नीला माहेरी पाठवून दुसऱ्या निकाहची चाचपणी करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

भेटीला जाणाऱ्यांनी थोडा वेळ बसावे, दुआ करावी आणि निघावे. ‘अमकीला हेच झाले होते, सहा महिन्यांत गेली’ असली कहाणी ऐकवणे ही इयादत नव्हे. जवाच्या पिठाची पातळ लापशी, म्हणजेच तलबीना, रुग्णाच्या हृदयाला आराम देते आणि दुःख काहीसे हलके करते, अशी हदीस ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितली आहे. आजाऱ्याच्या मनाचीही दखल घेतली जावी, हा प्रेषितांचा (स.) मार्ग आहे.

तिची झोप उडाली, जेवण सुटले, उपचारांच्या तारखा ती टाळू लागली, जगण्यात अर्थ वाटत नाही असे ती म्हणू लागली, तर केवळ दम करून थांबू नये. हे औदासीन्यही आजार आहे आणि त्यावरही उपचार आहेत. कर्करोगाच्या डॉक्टरांनाच ते सांगावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि १४४१६ या टेलिमानसच्या शासकीय क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते. अल्लाहने प्रत्येक आजारासाठी उपाय उतरविला आहे, ही हदीस मनाच्या आजारालाही लागू पडते.

रमजानमध्ये या भगिनींचे मन विशेष खचते. रोजे सुटतात, घरातील सहरीची लगबग त्या अंथरुणावरून ऐकतात. कुरआनने आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिली आहे. बरे वाटल्यावर कजा, आणि बरे होण्याची आशा नसेल तर फिदया. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. दुपारच्या गोळीचा ग्लास मात्र घरच्यांनीच तिच्या हातात द्यावा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चोरून पाणी पिण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. इफ्तारला तिला आपल्या शेजारी दस्तरख्वानवर बसवावे आणि पहिली खजूर तिच्यापुढे ठेवावी.