पडद्यावरची सावली आणि जळलेला सुंभ

समजा, सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत चादरीची एक पेढी आहे. बिलांचा लॅपटॉप सकाळी दहाला उघडतो तो रात्री शटर ओढतानाच मिटतो. दिवसभर पडद्याच्या तळाशी तीच पट्टी, डाव्या हाताला तीच बटणं. दोन-तीन वर्षं अशी जातात. मग एक दिवस मुनीम बिलाची खिडकी बंद करतात, तर मागच्या राखाडी रंगावर बटणांची ती ओळ तशीच दिसते. फिकट, पण जागच्या जागी. ‘प्रिंट’च्या बटणाची चौकट बोटाने गिरवता येईल इतकी स्पष्ट.

पेढीवरची माणसं म्हणतात, स्क्रीनवर सावली पडली. दुरुस्तीवाला म्हणतो, बर्न झाली. होऊन गेलेल्या गोष्टीची खूण नेमकी कुठे राहते आणि ती पुसली जाते का, या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतकं वाद घातला. तोच प्रश्न आता काउंटरवर येऊन बसला आहे.

आधी ‘कुठे’. पेठेतल्या आजोबा गणपतीसमोर (तो १८८५ पासूनचा, टिळकांच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा, असं सांगतात) क्षणभर टक लावून डोळे मिटले, तर दिव्यांच्या झगमगाटातली मूर्तीची आकृती मिटल्या पापण्यांआड तरंगते. ती डोळ्यातली खूण. नजर वळवली की तीही वळते. पडद्यावरची सावली मात्र मान फिरवल्याने हलत नाही. पुढची पायरी स्क्रीनशॉटची. तो लॅपटॉपच्या स्मृतीतून निघतो, काचेवरून नाही. तो त्याच पडद्यावर पाहिला तर काहीच कळत नाही, कारण सावली त्याच्यावरही पडणारच. मोबाइलवर पाठवून पाहायचा. तिथेही बटणं दिसली तर दोष प्रणालीत किंवा ग्राफिक्समध्ये. तिथे चित्र स्वच्छ असेल तर दोष पॅनेलमध्ये. काविळीच्या माणसाला शंख पिवळा दिसतो, हा दर्शनग्रंथांतला आवडता दाखला. दोष वस्तूचा की इंद्रियाचा, हे तिथेही असंच एकेक शक्यता बाजूला सारत ठरवतात.

दोष पॅनेलचा ठरला, की खरा पेच सुरू होतो: ही खूण पुसली जाते का? अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त संस्कार तीन प्रकारचा सांगितला आहे: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे अनुभवाने उमटणारा आणि स्मरण घडवणारा ठसा. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू पुन्हा पूर्ववत करणारा गुण; गुंडाळलेली चटई सोडली की उलगडते, तो. एलसीडी पडद्यावरची सावली बहुधा चटईच्या जातीची असते. एकच चित्र फार वेळ राहिलं की द्रवस्फटिकांच्या थरातले विद्युतभारित कण एका बाजूला साचतात आणि स्फटिकांना नीट वळू देत नाहीत. पडदा रात्रभर बंद ठेवला, किंवा काही तास निव्वळ पांढरा किंवा सतत हलतं चित्र चालवलं, की कण पांगतात आणि सावली विरत जाते.

ओएलईडीचं दुखणं निराळं. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि उजळता उजळता त्यातलं सेंद्रिय द्रव्य झिजतं, निळ्याचं सर्वांत लवकर. उष्णतेने झीज वाढते, आणि सोलापूरचा मे महिना काही दयाळू नाही. दुकानाच्या दर्शनी भागात वर्षभर घडी करून ठेवलेली चादर उलगडली की उन्हाकडची बाजू विटलेली आणि आतली गडद निघते, तसं हे. चादरीवर घडीचा रंग चढलेला नसतो, बाकीचा उतरलेला असतो. बटणांची ती ओळही डाग नव्हे, तिथला उजेड खर्ची पडला आहे. दुरुस्तीची प्रणाली झिजलेल्या ठिपक्यांना जास्त वीज देऊन उजेड सारखा करू पाहते. गेलेलं द्रव्य ती परत आणू शकत नाही.

कर्माची खूण म्हणजे आत्म्याला चिकटणारं काही, असं आपण सहज समजतो. पुटं चढतात, मळ लागतो, मग धुवायचं. ओएलईडी दुसरी शक्यता दाखवतो: खूण म्हणजे लागलेलं काही नसेलही, ती झीज असेल. ही शक्यता जास्त गंभीर आहे, कारण झीज स्नानाने भरून येत नाही.

वेदान्ती इथे हरकत घेईल. रमण महर्षी सिनेमाच्या पडद्याचा दाखला देत: चित्रातल्या आगीने पडदा जळत नाही, पुराने भिजत नाही, तसाच साक्षी असलेला आत्मा. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या चित्रदीप प्रकरणात कापडच घेतलं: धुतलेलं, खळ दिलेलं, रेखाटलेलं आणि रंगवलेलं. सूत आणि खळीत पिढ्या गेलेल्या या शहराला तो दाखला समजावून सांगावा लागत नाही. पण मुनिमांचा पडदा तर जळला! म्हणून दाखला मोडला का? नाही. फक्त पॅनेलला साक्षी समजायचं नाही, ते मन आहे. एलसीडीत मागचा दिवा वेगळा असतो आणि स्फटिकांच्या थरात साचलेली सावली त्या दिव्यात शिरत नाही. ओएलईडीत मात्र प्रकाश आणि द्रव्य एकच, आणि म्हणूनच प्रकाशणं म्हणजे झिजणं. माणूस या दोहोंपैकी कसा घडला आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

मराठीत सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं हटवाद्याबद्दल म्हणतात. वेदान्तात तीच जळलेली दोरी जीवन्मुक्तासाठी येते: पीळ दिसतो, पण तिने काही बांधता येत नाही. मुनिमांच्या पडद्यावर बटणांची ती ओळ अजून आहे. तिच्यावर माउस नेला तर काही घडत नाही. खालून नवं बिल उघडतं, त्यातले चादरींचे नग ते मोजतात, एकदा सावलीच्या रेषेतून आणि एकदा रेषेबाहेरून, आणि बेरीज दोन्ही वेळा तीच येते.