खांदा सर्जनचा, खर्च पेशंटचा

लठ्ठपणाच्या ऑपरेशनच्या जाहिरातीत रोबोचं कौतुक चार मुद्द्यांत उरकलेलं असतं: छोटी छिद्रं, कमी दुखणं, कमी रक्तस्राव, लवकर घरी. मुद्दे खरे आहेत, पण ते रोबोचे नाहीत. ते दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे आहेत आणि नव्वदच्या दशकातच पदरात पडलेत. तुलना पोट उघडून केलेल्या ऑपरेशनशी केली की यंत्र चमत्कार वाटतं. साध्या दुर्बिणीशी केली की स्लीव्हसारख्या, म्हणजे जठर कापून लहान करण्याच्या, पहिल्याच ऑपरेशनात गुंतागुंतीचं प्रमाण साधारण सारखंच दिसतं, वेळ आणि खर्च मात्र वाढलेला.

मग सर्जनना रोबो का हवासा वाटतो? त्यासाठी टेबलाजवळ जायला हवं. लठ्ठ माणसाच्या पोटाची भिंत जाड असते. तिच्यातून आत घातलेली लांब दांड्याची हत्यारं वळवताना ती भिंत उलट जोर लावते. चरबीने फुगलेलं यकृत जठरावर पसरलेलं असतं. ते थोडं आक्रसावं म्हणून तर पेशंटला आधी काही दिवस कमी कॅलरीच्या आहारावर ठेवतात. या सगळ्याशी सर्जनचं मनगट आणि खांदा झुंजत असतो, आणि दिवसाला अशी तीन ऑपरेशनं असली तर संध्याकाळी मान वळत नाही. रोबोचा हात हा भार स्वतःवर घेतो. सर्जन पेशंटपासून काही फुटांवर कन्सोलला बसतो, आतलं चित्र त्रिमितीत दिसतं, हत्याराचं टोक मनगटासारखं फिरतं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी आतड्याला जोडताना टाके घालायचे असतात. तिथे या टोकाचा खरा उपयोग. पूर्वी एकदा ऑपरेशन झालेलं, आत सगळं चिकटून बसलेल्या पोटावर पुन्हा ऑपरेशन करायचं असेल, तर रोबोची बाजू आणखी बळकट होते. यंत्र आपण होऊन एक टाकाही घालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे रोजच्या केसमध्ये पहिला लाभ सर्जनच्या शरीराला. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याचा खांदा शाबूत, तो सर्जन आणखी दहा वर्षं हात चालवेल, आणि तोही समाजाचा फायदाच. माझा आक्षेप एवढाच, की पेशंटला हे असं सांगितलं जात नाही. ज्यादा बिल त्याच्या नावावर फाडलं जातं, त्याच्याच भल्याचं म्हणून. विमा नियामक आयआरडीएआयने 2019 मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यात घेतली खरी, पण कंपन्यांना त्यावर वेगळी मर्यादा घालता येते. वरची रक्कम घरूनच.

या रोबोचा इतिहासही मजेशीर आहे. 1998 मध्ये ब्रुसेल्सला सर्जन कादिएर यांच्या चमूने रोबोच्या मदतीने जठराभोवती पट्टी बसवली. ती पट्टी आज जवळपास मोडीत निघाली. यंत्र मात्र टिकलं.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग काढून टाकतात. स्टेपलरची रेघ कुठे फाटली तर गळती होते, आणि ती टाळणं सर्जनच्या सरावावर आणि त्याच्या टीमवर अवलंबून असतं. तेव्हा कोटेशन हातात घेऊन विचारायचंच असेल, तर यंत्र कुठल्या कंपनीचं याआधी एवढं विचारावं: डॉक्टर, गेल्या वर्षात तुमच्या किती पेशंटना गळती झाली, आणि प्रोटीन, बी-12 नि आहाराची तपासणी किती वर्षं करणार? ती या पॅकेजात धरली आहे का?