द्यूतात संयम कोठे?

हल्ली मोबाइलवर पैसे लावून एक खेळ खेळला जातो. पडद्यावर विमान उडते व त्यासोबत एक आकडा १ पासून वाढत जातो. विमान नाहीसे होण्यापूर्वी बटण दाबल्यास लावलेली रक्कम त्या आकड्याने गुणून मिळते. क्षणाचा उशीर झाल्यास सर्व बुडते. नवख्यास वाटते, 'लोभ आवरून वेळीच थांबलो की मी जिंकलोच.'

वस्तुतः विमान कोठे नाहीसे होणार, हे उड्डाणापूर्वीच यंत्रात ठरलेले असते. परताव्याचे प्रमाण शेकडा ९७ असेल, तर रक्कम दुप्पट होण्याचा संभव सुमारे ४८.५ टक्केच. लवकर थांबा वा उशिरा, सरासरी तोटा तोच. १०० रुपये व त्यांतून येईल ते वीस वेळा लावीत गेल्यास सरासरीने सुमारे ५४ उरतात. शिवाय एखादा जिंकला, तरी ते धन दुसऱ्या गृहस्थाच्या घरातूनच आलेले असते.

धर्मराजासारखा संयमी पुरुषही पटावर बसल्यानंतर भावांना, स्वतःला व द्रौपदीलाही पणास लावता झाला. तात्पर्य, संयमाचे स्थान डाव सुरू होण्यापूर्वीच आहे. २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला; परंतु मनाचे दार गृहस्थाने स्वतःच लावावयाचे असते.