पाच टक्क्यांची अट

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत माझ्या मामांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, वेल्डिंगचा सेट आणि एक जुनं व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशिनिंग सेंटर. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलावर धातूचा तुकडा घट्ट बांधतात, वरून उभा स्पिंडल खाली येतो आणि प्रोग्रामप्रमाणे टेबल न् स्पिंडल सरकत तो तुकडा कोरला जातो. ड्रिल काढून कटर लावायचा तर तेही मशीन आपलं आपण करतं. गोल कामं लेथवर होतात. गिअरबॉक्सचं झाकण, पंपाचं ब्रॅकेट, बेअरिंगचं हाउसिंग अशी वेडीवाकडी कामं व्हीएमसीवर.

हे व्हीएमसी आता बदलायचं आहे. स्पिंडलची बेअरिंग दोनदा बदलून झाली, स्लाइडवे झिजले, आणि एका अक्षाच्या मोटरला वीज पुरवणारा ड्राइव्ह आता बनतच नाही. मामांनी तीन कोटेशन मागवली आणि तिन्ही मला पुण्याला पाठवून दिली. घरात इंजिनिअर म्हटलं की तो कॉम्प्युटरचा की लोखंडाचा, हा भेद कोणी करत नाही.

पहिलं कोटेशन नव्या भारतीय मशीनचं: तीन अक्ष, साधा कंट्रोल, मध्यम वेग. दुसरं वीस वर्षं वापरलेल्या जपानी मशीनचं: वजनदार, भक्कम, किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. तिसरं आयात केलेलं, नवंकोरं, वेगवान, इंटरनेटला जोडलेलं. त्यात काय बिघडलं ते विक्रेत्याचा माणूस दूर बसून बघू शकतो. मात्र पॅनेल दुसऱ्या कोणी उघडलं तर वॉरंटी संपते.

मी एक तक्ता केला. स्पिंडलचा वेग, टूलची संख्या, अचूकता, वीज, कर्जाचा हप्ता. दर जॉबमागे खर्च काढला तर तिसरं मशीन पुढे होतं. मग मी एक रकाना वाढवला: बंद पडलं तर चालू कोण करणार आणि किती दिवसांत? या रकान्यात आकडा भरता येईना, आणि तो भरता का येत नाही याचा विचार करता करता प्रश्न मशीनचा उरला नाही.

चाकणला एखादं मशीन बंद पडलं तर संध्याकाळपर्यंत इंजिनिअर येतो. तेच मशीन ब्राह्मणपुरीत वेगळं होतं, कारण मशीनमध्ये त्याच्यापर्यंत येणारा रस्ता, सुटा पार्ट ठेवणारं दुकान आणि दुरुस्ती जाणणारा माणूस हे सगळं धरावं लागतं. कोटेशनमध्ये यातलं काहीच नसतं. शिवाय मशीन थांबल्याचं नुकसान फक्त मालकाचं होत नाही. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, पंपाचा एक पार्ट चार दिवस मिळाला नाही तर केळीची बाग होरपळते. उसाच्या हंगामात ट्रॉलीचा हब तुटला तर तोडलेला ऊस फडात वाळतो, त्याचं वजन आणि साखर दोन्ही उतरतात. तोडणी मजुराला टनावर पैसे मिळतात, त्यामुळे वाहतूक थांबली की त्याची मजुरीही थांबते. मशीनच्या खरेदीच्या करारावर या माणसांची सही नसते. पण करार चुकला तर पहिला चटका त्यांनाच बसतो.

म्हणून मला वाटतं, छोट्या गावातल्या वर्कशॉपसाठी मशीन निवडणं हा नैतिक निर्णय आहे. कोणाच्या परवानगीवाचून आपलं काम अडू द्यायचं, हे आपण त्यात ठरवत असतो.

परवानगी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण माझ्या धंद्यात तोच विकला जातो. आजच्या अनेक कंट्रोलमध्ये काही क्षमता आधीपासून बसवलेल्या असतात, पण कुलूपबंद. पैसे भरले की कोड मिळतो आणि ती क्षमता जागी होते. लोखंड तेच, मोटर तीच. ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूतला एक भाग त्याचा नसतो. सॉफ्टवेअरवाल्यांना यात काही वावगं वाटत नाही, कारण आम्ही प्रत विकत नाही, वापरण्याचा परवाना विकतो. पण हीच रीत लोखंडात शिरते तेव्हा मालकी या शब्दाचा अर्थ गुपचूप बदलतो.

याचं टोक म्हणजे स्थलांतर ओळखणारं उपकरण. अनेक जपानी मशीनमध्ये ते असतं. मशीन जागेवरून हललं की त्याला कळतं आणि मशीन बंद होतं. ते पुन्हा उघडायला उत्पादकाची परवानगी लागते. उद्या मामांनी शेड बदलली तर स्वतःच्या पैशांचं मशीन स्वतःच्या नव्या शेडमध्ये चालवायला त्यांना समुद्रापलीकडच्या कोणाला तरी विचारावं लागेल.

हे वाचून चीड येते, पण या कुलपाला इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने सोव्हिएत संघाला अनेक अक्षांची मोठी मिलिंग मशीनं विकली. त्यांचे कंट्रोल नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीचे होते. या मशीनवर पाणबुडीचे पंखे इतके नेमके घडवता येत की त्यांचा आवाज कमी होई, असा अमेरिकेचा आक्षेप होता. १९८७ मध्ये प्रकरण बाहेर आलं, अमेरिकी संसदेच्या काही सदस्यांनी कॅमेऱ्यांसमोर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला, आणि जपानने निर्यातीचे नियम कडक केले. व्हीएमसीवर पंपाचं ब्रॅकेट होतं तसे शस्त्राचे भागही होतात. तेव्हा मशीन कुठे गेलं हे कळावं, ही अपेक्षा अगदीच अन्यायाची म्हणता येत नाही.

म्हणजे कुलूप असावं की नसावं, एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. पाहायचं ते हे, की कुलपाचं कारण ज्या धोक्यात आहे तो धोका आणि कुलपाचा त्रास भोगणारा माणूस यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का. पाणबुडीच्या पंख्यांसाठी पाच अक्षांच्या मशीनला लावलेलं कुलूप समजतं. पण नुसतं पॅनेल उघडलं म्हणून वॉरंटी संपवणारी अट कोणत्या धोक्यापासून कोणाला वाचवते? ती फक्त दुरुस्तीचं उत्पन्न वाचवते, आणि त्याची किंमत केळीवाला भरतो.

मशीनची निवड आणि नीती यांचा विचार आपल्याकडे यापूर्वी अगदी काटेकोरपणे झालेला आहे. गांधीजी यंत्राचे सरसकट विरोधक होते असं आपण शाळेतून धरून चालतो. पण शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानलं होतं, आणि १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख. त्याच्या अटी आज वाचल्या तर एखाद्या खरेदी विभागाने काढलेल्या टेंडरसारख्या वाटतात. यंत्र झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावं. बाईला फार न शिणता आठ तास काम करता यावं. आठ तासांत १६,००० फूट सूत निघावं. भारतात बनवून किंमत १५० रुपयांच्या आत राहावी. वेळच्या वेळी निगा राखली तर यंत्र २० वर्षं चालावं. आणि पार्ट बदलण्याचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या ५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

या शेवटच्या अटीपाशी मी बराच वेळ थांबलो. उत्पादन किती, किंमत किती, हे कोणीही विचारतो. पण यंत्र घेतल्यावर पुढची वीस वर्षं ते घेणाऱ्याला किती बांधून ठेवणार, हे इथे आकड्यात मागितलं आहे. सूत कातणारी बाई यंत्राची मालकीण राहील की यंत्र तिचं सावकार होईल, याचं उत्तर त्या ५ टक्क्यांत आहे. मला जो रकाना भरता येत नव्हता तो तिथे भरलेला होता. स्पर्धेत किर्लोस्करवाडीतूनही एक प्रयत्न झाला. बक्षीस मात्र शेवटपर्यंत कोणालाच मिळालं नाही. अटी एकत्र पाळणं इतकं अवघड होतं.

या मापाने तपासलं तर जुनं जपानी मशीनही नापास होतं. जुनं म्हणजे आपलं, साधं म्हणजे दुरुस्त होणारं, हा आपला भाबडेपणा आहे. त्याचे स्लाइडवे नाशिकचा एखादा जुना कारागीर हाताने स्क्रेप करून देईल, पण कंट्रोलचं कार्ड जळलं तर जगात कुठे तरी भंगारात ते शोधायचं. अशा जुन्या कंट्रोलमध्ये मशीनची सगळी मापं बॅटरीच्या आधाराने जपलेली असतात. बॅटरी संपली आणि मापांची प्रत जवळ नसली, तर ठणठणीत मशीन नुसतं लोखंड होऊन बसतं. लोखंडाची विद्या आणि कोडची विद्या, दोन्ही जवळ असतील तरच आजचं मशीन आपलं.

मी मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. पहिलं, साधं मशीन घ्या, विक्रेत्याकडून सगळ्या पॅरामीटरची आणि लॅडर प्रोग्रामची प्रत लिहून मागा, म्हटलं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुरुस्त होणारं मशीन घेऊ रे भाऊ. पण दुरुस्त करायला इथे राहणार कोण? तू?"

हा प्रश्न टोमणा म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. दुरुस्तीचा हक्क ही गोष्ट कागदावर स्वस्त असते. तो हक्क वापरायला कोणीतरी गावात थांबावं लागतं, ग्रीस लागलेले हात घेऊन रात्री अकराला उठावं लागतं. आमच्या पिढीतली शिकलेली पोरं नाशिक, सुरत, पुण्याला गेली. स्वातंत्र्याची भाषा गेलेल्यांनी करायची आणि ते निभावण्याचं ओझं राहिलेल्यांवर टाकायचं, यात मला अन्याय दिसतो. याच कारणाने मामांना तिसरं मशीन बरं वाटत होतं. माणूस मिळत नाही, तर निदान दूर बसलेला कोणी तरी बघेल. परावलंबन पुष्कळदा असंच येतं, एकटेपणावरचा उपाय म्हणून.

पण वर्कशॉपमध्ये एक तिसरा माणूस आहे, ज्याला आम्ही दोघांनी हिशेबात धरलंच नव्हतं. मशीन चालवणारा मुलगा धडगावकडचा आहे, आयटीआय केलेला. जुन्या मशीनचा स्पिंडल आवाजावरून ओळखतो. मामा आणि मी मशीन कोणाचं यावर बोलत होतो, आणि चावी मालकाकडे असावी की विक्रेत्याकडे एवढेच दोन पर्याय आम्हाला दिसत होते. वास्तविक चावी त्याच्याकडे हवी जो रोज मशीनपाशी उभा असतो. त्याला फक्त बटणं दाबायला शिकवायचं आणि पॅनेलच्या आतलं सगळं झाकून ठेवायचं, तर विक्रेत्याने आमच्याशी जे केलं तेच आम्ही त्याच्याशी केलं.

तो शिकून दुसरीकडे जाईल, ही भीती मामांनी बोलून दाखवली. जाईल कदाचित. पण न शिकवता ठेवलेला माणूस हाही कुलूप लावूनच ठेवलेला असतो. त्याला थांबवायचं असेल तर पगार वाढवावा लागेल, आणि तो खर्च मशीनच्या किमतीतच धरायला हवा. मी तसा धरून पाहिला. पहिलं मशीन महाग झालं, तिसऱ्याच्या बरंच जवळ गेलं, तरी परवडत होतं.

मामांनी पहिल्या मशीनची ऑर्डर दिली. तिच्यात नेहमीच्या अटींखाली दोन ओळी वाढवल्या आहेत. पॅरामीटर आणि लॅडरची पूर्ण प्रत मशीन बसवतानाच द्यावी. आणि प्रशिक्षण ऑपरेटरला द्यावं, चालवण्याचं आणि दुरुस्तीचंही. विक्रेत्याने पहिली ओळ लगेच मान्य केली. दुसरीबद्दल त्याने विचारलं, "मालकांचं कोणी येणार नाही का शिकायला?" मामांनी त्याला त्या मुलाचा फोन नंबर दिला.