पलंगाची फुलं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या कारखान्यात जुना पलंग दुरुस्तीला आला. सावंतवाडीचा, लाखकामाचा. तांबडी चौकट, उशाकडं हिरवी वेल, वेलीवर पिवळी-निळी फुलं. निम्मी फुलं पोपडे होऊन गळालेली.

"आजीच्या लग्नातला आहे. होता तस्सा करून द्या," गिऱ्हाईक म्हणालं.

मिस्त्रींनी ढिले सांधे दोन दिवसांत घट्ट केले. फुलांपाशी मात्र हात अडला. आयुष्य रंध्यावर गेलेलं. कुंचला कधी धरलाच नव्हता.

नातू फर्निचर डिझाइन शिकून नुकताच आला होता. मोबाइलवर त्यानं व्हर्नर पँटन या डॅनिश माणसाची भडक तांबडी, एकसंध प्लास्टिकची खुर्ची दाखवली. "आजोबा, जग परत रंगाकडं वळलंय. फुलांचे फोटो काढतो, स्टिकर छापतो, वरून पीयू पॉलिश मारू. झालं!" (ती खुर्चीही इतकी सहज परतली नव्हती. 1967 ला आली, प्लास्टिक तडकायला लागलं म्हणून 1979 ला बंद पडली, आणि माल बदलत बदलत 1999 ला पॉलिप्रॉपिलीनची झाली. हे पोरानं सांगितलं नाही.)

स्टिकर बसला. लांबून झकास. जवळून बघितलं तर प्रत्येक फूल सारखंच, आणि पाकळीवरचा पोपडाही सगळीकडं इमानानं छापलेला.

मिस्त्रींनी नखानं स्टिकर उचकटला. "लेका, ही कला एकदा मरायला टेकली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी, बडोद्याच्या गायकवाडांची लेक. मनात आणलं असतं तर कुणालाही हुकूम सोडला असता. पण गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवणारे पुंडलिक चितारी उरले होते, त्यांच्यापुढं दोघं स्वतः शिकायला बसली. दशावतारी गंजिफाची पानं 120, सगळी गोल, सगळी हातानं रंगवलेली. मग राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच कारागीर बसवले. पाट, चौरंग, फर्निचर, सगळं परत रंगायला लागलं. तू एस्टीत बस. आजरा, आंबोली, सावंतवाडी."

"आणि गिऱ्हाईक?"

"थांबंल."

पोरगं गेलं. कापडाला चिंचोक्याची खळ लावून गंजिफाचं पान कसं घडतं ते बघितलं, पाटावर वेली ओढल्या, पुसल्या, परत ओढल्या. दोन महिन्यांनी आलं, तेव्हा बोटांच्या पेरांत हिरवा रंग मुरला होता. पलंगावर त्यानं पहिलं फूल काढलं. जुन्या फुलापेक्षा ते जरा डावीकडं कललं.

गिऱ्हाइकाची आजी स्वतः बघायला आली. कललेल्या फुलावर बोट ठेवून म्हणाली, "हे कुणाचं?"

"माझं," पोरगं ओशाळलं.

"असू दे. पुढची काढ."

ती गेल्यावर मिस्त्रींनी हातपाय धुतले, पाट ओढून नातवाच्या पुढ्यात मांडी घातली आणि कुंचल्याला हात पुढं केला.

"धरायचा कसा, तेवढं सांग."